खांद्यावरचा हात

‘काढणे’ या एका क्रियापदावर आमचा संसार चालला. आमचे हे फोटो काढायचे आणि मी फोटोतली माणसं काढायची. रोह्याच्या बाजारपेठेतला आमचा स्टुडिओ ज्यांना आठवत असेल त्यांना पुढच्या काउंटरवर बसलेले हे आठवतील. मागच्या खोलीत, खिडकीशी तिरकी काच लावून, डोळ्याला भिंग चिकटवून बसलेली बाई फार थोड्यांनी पाहिली असेल. ती मी. आता त्या गाळ्यात मोबाइलची कव्हरं मिळतात. मी घरीच स्कॅनर आणि लाइट टेबल घेऊन बसते, आणि कोणी जुना फोटो आणला तर बघते. दिवाळी अंकासाठी आठवणी लिहा म्हणाले, तेव्हा पहिल्यांदा वाटलं की फोटोग्राफरने लिहावं, मी काय लिहिणार. मग वाटलं, लोकांनी मला जे करायला सांगितलं ते फोटोग्राफरला कधी कळलंच नाही.

माझं माहेर पेणचं. वडिलांचा गणपतीचा कारखाना होता. तिथे मी आखणीला बसायची. आखणी म्हणजे मूर्तीचे डोळे रेखणं. मूर्ती घडवणारे पुष्कळ असतात, डोळ्यांचे हात थोडे. मामंजी, म्हणजे माझे सासरे, मुलगी बघायला आले ते थेट कारखान्यातच आले, आणि मी एका मूर्तीचा उजवा डोळा पुरा करेपर्यंत मागे उभे राहिले. माझा चेहरा त्यांनी पाहिला की नाही याची मला अजून शंका आहे. लग्नानंतर त्यांनी हातात शिसपेन्सिल आणि निगेटिव्ह दिली.

काम सोपं करून सांगते. निगेटिव्हमध्ये सगळं उलटं असतं. पांढरं ते काळं, काळं ते पांढरं. तिच्यातून उजेड सोडला की खालच्या कागदावर सुलटा फोटो उमटतो. देवीचे वण, सुरकुत्या, तीळ हे सगळं टोकदार पेन्सिलीने निगेटिव्हवरच झाकायचं. आणि जे मुळीच नको असेल त्याच्यावर लाल रंग चढवायचा. लाल रंगातून उजेड जात नाही, त्यामुळे कागद तेवढा कोरा राहतो. मागची भिंत नको, रंग लाव. मध्ये आलेली गाय नको, रंग लाव. माणूस नको असला तरी कृती तीच.

आणि माणूस नको असलेली माणसं फार येत. गडबहून एक गृहस्थ आले होते. भावाभावांचं जमिनीवरून वाजलं होतं, आणि घरच्या ग्रुप फोटोतून थोरला भाऊ काढायचा होता. मी काढला. पण फ्लॅशमुळे भावाची सावली शेजारच्या माणसाच्या सदऱ्यावर पडली होती, ती राहिली. मी म्हटलं, "ही पण घालवू का?" त्यांनी फोटो लांब धरून पाहिला आणि म्हणाले, "ऱ्हाऊ दे. सावलीला हिस्सा मागता येत नाय." पुढे कधीतरी दोघे भाऊ एका मोटरसायकलवर बसून आले आणि थोरल्याला परत घाला म्हणाले. मी नेहमी कॉपीवर काम करायची, मूळ निगेटिव्ह जपून ठेवलेली होती, म्हणून निभावलं.

याच्या उलटं काम म्हणजे डोळे उघडायचं. धरमतरच्या बाजूची एक बाई आली होती. मिठागरावर काम करणारी माणसं. मुलगा खाडीत गेला होता. जिवंतपणी त्याचा एकही फोटो नव्हता, होता तो गेल्यावर काढलेला. भिंतीवर लावायला डोळे उघडे हवे होते. मी त्याला कधी पाहिलं नव्हतं. त्याच्या भावाला समोर बसवलं आणि भावाचे डोळे बघून त्याचे आखले. बाई फोटो घ्यायला आली तेव्हा पुष्कळ वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "ह्ये डोले त्याचे नायत. पन मला वलखतात." तिने फोटो पदरात गुंडाळला आणि गेली. त्या दिवशी मी दुसरं काम घेतलं नाही.

अशा कामाची सवय असूनही, दानियलभाऊंच्या काचेने मला जे केलं ते दुसऱ्या कशाने केलं नाही.

दानियलभाऊ अष्टमीचे. कुंडलिकेच्या पलीकडे त्यांचं जुनं कौलारू घर होतं. इकडे ज्यांना शनवारतेली म्हणत त्या बेने इस्रायलींपैकी ते. म्हणजे मराठी बोलणारे, कोकणातले यहुदी. पूर्वी तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचे, म्हणून ते नाव. आता त्यांची घरं बोटांवर मोजण्याइतकी राहिली आहेत, बाकी सगळे इस्रायलला गेले. दानियलभाऊ कंपनीत शिफ्टला होते, रिटायर झाले, बायको गेली, तरी एकटे राहिले. दोन-तीन वर्षांपूर्वी मुलीने हट्ट धरला तेव्हा घर विकून तिच्याकडे जायचं ठरलं. त्याच सुमाराला एका सकाळी ते माझ्याकडे आले. दोन फळ्यांच्या मध्ये, जुन्या लुगड्याच्या तुकड्यात बांधलेलं काहीतरी त्यांनी दोन्ही हातांनी धरलं होतं, पाण्याने भरलेली परात धरावी तसं.

"वहिनी, ही काच विमानात न्यायची नाय. मला हिचा फोटो करून द्या," ते म्हणाले.

काचेची निगेटिव्ह होती. फिल्म यायच्या आधी काचेच्या पातळ तुकड्यावर मसाला लावून त्याच्यावर फोटो घेत. शंभरेक वर्षांपूर्वीची असावी. कडा चंदेरी झाल्या होत्या, एका कोपऱ्याचा टवका गेलेला. तशी धड होती. फोटो त्यांच्या पणजोबांच्या कुटुंबाचा. खुर्चीवर पगडी घातलेले पणजोबा. शेजारच्या खुर्चीवर त्यांची बायको, मांडीवर लहान मुलगी. दोन्ही बाजूंना दोन मुलगे. ती मांडीवरची मुलगी म्हणजे दानियलभाऊंची आजी, हाना. तिचे भाऊ पुढे नोकरीला मुंबईला गेले, अष्टमीचं घर तिच्याकडे राहिलं आणि तिच्यामागून दानियलभाऊंकडे आलं. या काचेवरून केलेला मोठा फोटो त्यांच्या पुढच्या खोलीत होता, पण घर जुनं झालं तशी त्याला वाळवी लागली. राहिली ही काच.

मी ती लाइट टेबलवर ठेवली. दानियलभाऊ माझ्याही आधी वाकले.

"हात हाय ना? पणजीच्या खांद्यावर बघा."

मी बघितलं. बसलेल्या बाईच्या डाव्या खांद्यावर एक हात होता. मनगटापर्यंत. बोटं किंचित वाकवून ठेवलेली, जिवंत, सुबक. आणि मनगटाच्या मागे काही नव्हतं. पणजीच्या मागे कोणीच उभं नव्हतं.

दानियलभाऊ हसले. असं दचकलेलं माणूस त्यांनी खूपदा पाहिलं असणार. ते म्हणाले, "एलियाहू हन्नबींचा हात तो. आमचे नबी. आमच्या घरावर त्यांचा हात हाय, असं आई सांगायची. मलिदा करायचो ना, पोह्यांचा, गूळ-खोबऱ्याचा, त्याचं ताट त्या फोटोसमोर ठेवायचो. घरातला कोणी परदेशी निघाला की फोटोच्या काचेवरून त्या हाताला हात लावून जायचा. माझे काका गेले, भाऊ गेले, बहीण गेली, मुलगी गेली. सगळे हात लावून गेले. आता मी शेवटचा. मला तो हात बरोबर पाहिजे."

ते बोलत होते आणि मी भिंगातून बघत होते. सवयीने मी आधी कडा बघते. माणसांच्या भोवतीची सगळी जागा लाल रंगाने झाकलेली होती. यात विशेष काही नाही. अंगणात फोटो घेतला की मागची भिंत, केळी, वळचण सगळं झाकून टाकायची तेव्हा पद्धतच होती, म्हणजे कागदावर माणसं कोऱ्या पांढऱ्यावर उठून दिसत. काम सफाईचं होतं. पण शंभर वर्षांत रंग वाळून जागोजाग तडकला होता, आणि हाताच्या वर, पणजीच्या डोक्याच्या मागे, मुगाच्या दाण्याएवढी एक खपली निघाली होती. तिथून एक कान दिसत होता.

कानाच्या वरच्या कडेला बुगडी होती.

नबी बुगडी घालत नसावेत, एवढं मलाही कळत होतं.

मामंजींचा नियम होता की गिऱ्हाइकाने मागितलं तेवढंच द्यावं, निगेटिव्हमध्ये काय दिसलं ते आपल्याजवळ ठेवावं. तो नियम मी आयुष्यभर पाळला. त्या दिवशी का पाळला नाही, ते नीट सांगता येणार नाही. कदाचित ते शेवटचे होते म्हणून. त्यांच्यानंतर विचारायला कोणी येणार नव्हतं.

"भाऊ, इथे बघा," मी म्हटलं आणि भिंग त्यांच्या हातात दिलं.

त्यांनी पाहिलं. भिंग काढून पाहिलं, परत लावून पाहिलं. मग स्टूल ओढून बसले. मी सांगितलं की रंगाच्या खाली कोणीतरी उभं आहे. हात खांद्यावर, म्हणजे पणजीच्या लुगड्यावर आहे, तिथे रंग लावला असता तर लुगड्याला भोक पडल्यासारखं दिसलं असतं, म्हणून तेवढा राहिला. रंग काचेच्या पाठीवर आहे, मसाल्याच्या बाजूला नाही, त्यामुळे धुता येईल.

"नको," ते म्हणाले. "मला आहे तसाच फोटो पाहिजे."

मी काच आहे तशी स्कॅन करून प्रिंट करून दिली. त्यांनी प्रिंट घेतली, तिच्यातल्या हाताकडे बघितलं आणि माझ्याकडे न बघता गेले. काच मात्र नेली नाही. ती विसरून राहिली की ठेवून गेले, मला समजलं नाही.

काच मी माझ्या कामाच्या खोलीतल्या कपाटात उभी करून ठेवली. दोन दिवसांनी सून म्हणाली, "आई, तुम्ही इथे एवढं हळू का बोलता?" माझ्या लक्षात आलं नव्हतं. खरंच, त्या खोलीत फोन आला तरी मी तो बाहेर जाऊन घ्यायला लागले होते. चेहरा दिसला असता तर चाललं असतं. नुसता कान होता. आयुष्यात मी हजारो चेहरे खालीवर केले, त्यांच्यासमोर जेवले, भांडले, पण कोणी आपलं बोलणं ऐकतंय असं मला त्याआधी कधी वाटलं नव्हतं.

दानियलभाऊ परत आले ते आठवड्याने. दाढी वाढली होती. चहा दिला तो त्यांनी घेतला नाही.

"वहिनी, माझी आजी शेवटी आंधळी झाली होती," ते म्हणाले. "मी तेव्हा कंपनीत नुकता लागलेला. संध्याकाळी ती फोटो उतरवून मांडीवर द्यायला सांगायची. काचेवरून बोटं फिरवायची. पगडीवर बोट ठेवून म्हणायची, हा माझा बाबा. पणजीवर ठेवून म्हणायची, हिनं मला वाढवली. मग बोट वर सरकवायची, पणजीच्या मागच्या कोऱ्या जागेवर ठेवायची, आणि म्हणायची, ही माझी आय."

मी चहाचा कप बाजूला सरकवला.

"आई सांगायची, म्हातारी भ्रमली. आम्ही पोरं तिची परीक्षा बघायचो. फोटो उलटा धरून मांडीवर द्यायचो. ती चाचपून सरळ करायची आणि बोट बरोबर तिथंच. कधी इंचभर चुकली नाय. धाकटी बहीण त्या खोलीत एकटी जायची नाय, संध्याकाळनंतर तर नायच. आजी विचारायची, ती भितीय कोणाला? आयला भितीय?"

बाहेर रस्त्यावर कोणीतरी रिक्षा मागे घेत होतं. तो आवाज थांबेपर्यंत ते थांबले.

"आजी त्या फोटोत दीड-दोन वर्षांची. तिला आठवणार कसं? कोणी सांगितलं असेल म्हणावं तर, ज्यांनी हे झाकलं ते कशाला सांगतील?" मग आवाज उतरवून म्हणाले, "आमच्यात तेव्हा गोरे आणि काळे असा भेद होता. आता कोणी मानत नाय, पण होता. बाहेरच्या बाईपासून झालेली मुलं काळ्यांत धरायची. त्यांच्या ताटाला ताट लावायचं नाय, त्यांना मुलगी द्यायची नाय. आमच्या घाण्यावर नदीकाठच्या वाडीतल्या बायका कामाला यायच्या, एवढं मी ऐकलेलं हाय. बाकी मला काय म्हाईत नाय."

"म्हणजे मुलगी गोऱ्यांत राहावी म्हणून…"

"म्हणून आई काढली," ते म्हणाले. "धुवा वहिनी. मी बसतो इथं."

मी त्यांना बजावलं की कागदावर दोन्ही फोटो राहतील, जुना मी स्कॅन केलेला आहेच. पण एकदा पाहिल्यावर तो हात परत नबींचा होणार नाही. ते म्हणाले, तो ज्या दिवशी कान दिसला त्या दिवशीच गेला.

दुपारची वेळ होती. पंखा बंद केला. काच चारी कोपऱ्यांना फेल्टच्या जाड मऊ तुकड्यांवर टेकवली, मसाला खाली, कुठेही न चिकटता अधांतरी. कापसाच्या बोळ्याने, थेंबाथेंबाने रंग भिजवायला लागले. शंभर वर्षांचा रंग, पण गोंदातला होता, त्याने पाणी धरलं. बोळा लाल होऊन यायचा, मी तो बशीत ठेवायची आणि दुसरा घ्यायची. बशीकडे दानियलभाऊंनी एकदा पाहिलं आणि मान फिरवली. मी ती बशी टेबलाखाली सारली.

आधी मागचं कापड दिसलं, अंगणात दोरीवर ताणलेलं. मग खांदा आला. मग दंडावरून खाली, खांद्यावर ठेवलेल्या हातापर्यंतचा सगळा हात. पोरगेली बाई, फार तर विशीतली. अंगावर दागिना त्या बुगडीशिवाय नव्हता. तशीच बुगडी मला आणखी कुठेतरी दिसल्यासारखी वाटली, आणि मी भिंग खाली नेलं. बसलेल्या पणजीच्या एका कानात तीच होती. दुसरा कान मोकळा होता.

हे मी दानियलभाऊंना दाखवलं. ते बराच वेळ भिंगाला डोळा लावून होते. मग म्हणाले, "ही काच फोटोग्राफरकडे का राहिली नाय?"

मलाही पहिल्यापासून तोच प्रश्न होता. काच फोटोग्राफर ठेवत असे. आणि ज्या घराला ही बाई नको होती त्या घराने काच मागून घेतली असेल, तर फोडून टाकायची होती. कोणीतरी ती फोडली नाही. लुगड्यात गुंडाळून फळ्यांच्या मध्ये बांधून ठेवली. ते लुगडं कोणाचं, हे आता विचारायला कोणी नाही. पण पुरुष माणूस काच लुगड्यात बांधणार नाही, एवढं मी म्हणेन.

मांडीवरच्या हानाचा एक हात जुन्या फोटोत मनगटाशी संपत होता. पोरीने हात हलवला म्हणून तो उमटला नाही, असं घरात सांगायचे. हात हलला नव्हता. तो वर गेला होता, आणि मुठीत मागच्या बाईचा पदर होता.

चेहरा मी शेवटी ठेवला होता. भीती वाटत होती हे खरं. रंग गेला, काच पुसली, आणि मी परत भिंग लावलं. मग मी बाजूला झाले आणि काही न सांगता त्यांना बघू दिलं.

चेहरे दोन होते. तेव्हा काचेवर फोटो उमटायला वेळ लागे, श्वास रोखून बसावं लागे. बाकीचे चौघे दगडासारखे बसले होते, आणि ती पोरही, कसं कोण जाणे, हलली नव्हती. हिने मात्र मध्येच मान खाली वळवली होती. एक चेहरा समोर कॅमेऱ्याकडे, फिका, नाकडोळे विरघळल्यासारखे. दुसरा त्याच मानेवर, खाली पोरीकडे वळलेला, तोही अर्धाच. दोन्ही एकमेकांत मिसळलेले. कितीही बघा, ती कशी दिसत होती ते सांगता येत नव्हतं.

"तुम्ही आखाल का?" त्यांनी विचारलं. "डोळे, नाक. तुम्हाला येतं."

मला येतं. हानाआजीचा म्हातारपणचा फोटो त्यांच्याकडे होता, त्याच्यावरून करता आलं असतं. मी काचेकडे बघितलं आणि नाही म्हणाले. उभ्या आयुष्यात मी गिऱ्हाइकाला त्या कामाला नाही म्हटल्याचं मला आठवत नाही. ती आखली असती तर तिने वर बघितलं असतं, आणि मला ते नको होतं.

प्रिंट काढून दिली. ती घेऊन ते दाराशी गेले, परत आले आणि म्हणाले, "काच कबरस्तानात ठेवायचीय. आजीच्या शेजारी. तुम्ही याल का?"

धंद्यातलं माणूस म्हणून मी त्यांना परोपरीने सांगितलं. अशी काच मातीत घालतात का. ओल लागली की मसाला फुगेल, सुटेल, एका पावसाळ्यात सगळी माणसं वाहून जातील. कपाटात ठेवा, संग्रहालयाला द्या, मला द्या, मी सांभाळते. त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "वहिनी, आमच्यात देवाचं नाव लिहिलेला कागद जुना झाला तरी टाकत नाय, पुरतो. आणि हिला तर कबरच नाय. कुठं पुरली, पुरली का जाळली, कोणाला म्हाईत. मी गेल्यावर हिच्यासाठी जागा कोण मागणार?"

मी काच परत लुगड्यात गुंडाळली आणि फळ्यांमध्ये बांधली.

दिवाळी होऊन गेली होती. सकाळचं ऊन तिरपं होतं. कबरस्तानाची देखभाल करणाऱ्या बाळारामने हानाआजीच्या कबरीलगत हातभर खड्डा करून ठेवला होता आणि तो फाटकाशी जाऊन बसला. दानियलभाऊंनी डोक्यावर टोपी घातली, खिशातून छोटं पुस्तक काढलं आणि वाचायला लागले. भाषा मला कळत नव्हती. मध्येच एका जागी अडले.

"इथं नाव घ्यायला लागतं," ते मला म्हणाले. "अमक्याची मुलगी अमकी. मी कोणाचं घेऊ?"

मी म्हटलं, "गावात बाईला नावाने कोण हाक मारतं, भाऊ? पोराच्या नावाने मारतात."

त्यांनी पुस्तकात बघितलं, आणि इतका वेळ त्या परक्या भाषेत वाचत होते तिथे मध्येच मराठीत म्हणाले, "हानाची आय." मग पुढचं वाचलं.

काच मी ठेवावी असं त्यांच्या मनात होतं, माझा हात स्थिर म्हणून. मी गुडघ्यावर बसले. फळ्या काढल्या होत्या, लुगड्याच्या तुकड्यावर काच होती. ती खड्ड्यात उतरवताना कापड एका बाजूने सरकलं, आणि काचेच्या मागे ओली काळी माती आली.

काचेच्या निगेटिव्हचं एक आहे. मागे काळं आलं आणि वरून तिरपा उजेड पडला की ती सुलटी दिसते. उलटं चित्र एकदम सरळ होतं. मामंजींनी मला हे कधीतरी सांगितलं असेल, मी विसरले होते. मातीत एकदम सहा माणसं दिसली. पगडी पांढरी झाली, तोंडं उजळली, लुगड्यांचे काठ दिसले. सगळी खालून वर आमच्याकडे बघत होती. ती एकटी सोडून. दोन चेहरे आहेत असं आता वाटतच नव्हतं. समोरचा फिका मातीत विरून गेला होता आणि खाली वळलेला तेवढा राहिला होता. गाल, पापणी, किंचित उघडे ओठ, पोरीशी काहीतरी बोलताना थांबल्यासारखे. आम्ही दोघं तिथे वाकलेले होतो, पण तिचं आमच्याकडे लक्ष नव्हतं.

माझ्या शेजारी दानियलभाऊंचा श्वास ऐकू येत होता. मी हात हलवला असता तर उजेडाचा कोन बदलला असता, म्हणून मी हलवला नाही. किती वेळ तशी बसले ते सांगता येणार नाही.

मग ते माझ्या बाजूला बसले, लुगड्याचं टोक उचललं आणि काचेवर घेतलं, निजलेल्या माणसाच्या अंगावर घेतात तसं. कापडावर हात ठेवून ते म्हणाले, "दमली असशील गो. बस आता."

पहिली मूठ त्यांनी टाकली, दुसरी मी.